तारेखालचा दोरा

वैजयंतीबाईंचं पत्र श्रावणात आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

लिहायला बसलो नाही असं नाही. पण 'सप्रेम नमस्कार' लिहिलं की 'सप्रेम' जरा जास्त होतंय असं वाटे, आणि 'सादर प्रणाम' लिहिलं की नगरपालिकेला नळजोडणीसाठी अर्ज करतोय असं दिसे. मायन्यापुढे मी कधी गेलोच नाही. ते अर्धवट कागद पुस्तकांत खुणेसाठी घातले. माझ्या घरात कुठलाही कागद शेवटी तिथेच जातो.

पत्र एका पानाचं होतं.

'पद्माकरराव, माझ्या घरातली वरची खोली रिकामी आहे. ऊन येतं, ओल नाही, तेव्हा पुस्तकं टिकतील. उरलेले दिवस आपण एकत्र काढावेत असं मला वाटतं. लग्न म्हणा, सोबत म्हणा, जो शब्द तुम्हाला कमी टोचेल तो म्हणा. उत्तर मात्र कागदावर द्या आणि पोस्टाने पाठवा. समोर असलात की तुम्ही नुसतं 'हं' म्हणता, आणि त्या 'हं'चा अर्थ लावता लावता माझं वय वाढतंय. – वैजयंती कुरुंदवाडकर.'

बाई मुलींच्या शाळेत गाणं शिकवत. मी मिरजेतल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. जुन्या बंदिशींचं एक पुस्तक शोधत त्या आल्या, ते आमच्याकडे नव्हतं, आणि 'नाही' म्हणायला मला इतका वेळ लागला की तेवढ्यात ओळख झाली. माझी पत्नी सुलोचना गेल्यावर दर गुरुवारी मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्या तंबोरा लावायच्या, शिष्या गायच्या, मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचो. मला सुरातलं काही कळत नाही. तरी जायचो.

ते पत्र माझी मुलगी सुव्रता हिला सापडलं. पुण्याहून आली होती, कपाट आवरत होती. भुंग्यांवरच्या एका पुस्तकातून पत्र खाली पडलं. तिने वाचलं, घडी घातली आणि माझ्यासमोर ठेवलं.

"अण्णा, हे काय?"

"पत्र आहे."

"ते दिसतंय. उत्तर काय दिलंत?"

"अजून… म्हणजे विचार चाललाय."

"महिनाभर?" तिला हसू आलं. मग ती गंभीर झाली. "हे बघा, माझी ना नाही. बाई चांगल्या आहेत. पण आधी पत्रिका काढा. दोघांची."

ही पत्रिका म्हणजे ग्रहांची नव्हे. ती कशाची, हे मला समजलंय तेवढं सांगतो. मी वाचून शहाणा झालेला माणूस आहे, कुठे चुकलो तर जाणकारांनी हसावं.

आपल्या पेशीच्या गाभ्यात डीएनएची मोठी पोथी असते. ती बाहेर जात नाही. हवं ते पान उतरवून बाहेर पाठवतात, ती नक्कल म्हणजे आरएनए. शाळेत आम्हाला एवढंच शिकवलं होतं. नंतर कळलं की ही नक्कल पेशीत उघडी कधी फिरतच नाही. तयार होताहोताच प्रथिनं तिला येऊन धरतात. कुठलं प्रथिन कुठे धरतं, त्यावर ती कुठे जाणार, कधी वाचली जाणार आणि कधी नष्ट होणार हे ठरतं. ही धरपकड क्षणोक्षणी बदलते. पेशीवर ताण आला, ऊन, उपासमार, विष, काहीही, की ही प्रथिनं आरएनएला घेऊन एकत्र जमतात आणि त्यांचे थेंब होतात. आमटीवर तुपाचे थेंब तरंगावेत तसे. त्यांना साल नसते, भिंत नसते. संकट टळलं की विरघळतात आणि काम पुन्हा सुरू.

काहींच्या मेंदूतले थेंब मात्र वय वाढलं की विरघळेनासे होतात. आधी चिकट होतात, मग थंडीतल्या तुपासारखे जमतात. त्या पेशी मरतात. एका प्रकारात आधी जातात ते शब्द. नावं, मग क्रियापदं, मग सगळंच.

पूर्वी कोण कोणाला धरून आहे हे बघायचं तर पेशीवर अतिनील किरण टाकून सगळं जागच्या जागी चिकटवावं लागे. म्हणजे ती मेलीच. आता जिवंत पेशीतच बघता येतं. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला चेतापेशी असतात, त्यातल्या थोड्या हळूच काढतात, बशीत सांभाळतात, आणि थेंब जमताना-विरघळताना पडद्यावर दिसतात. त्यावरून एक आकडा काढतात. औषध अजून नाही, नुसता आकडा आहे.

आणि आपली माणसं! हातात आकडा आल्यावर त्याचं काय करायचं हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. पूर्वी मुलीला मंगळ आहे म्हणायचे, आता 'पेशीत गाठ आहे' म्हणू लागले. कायद्याने ही पत्रिका कुणालाच लागत नव्हती. विमावाले, घरमालक, व्याही, सगळ्यांना लागत होती.

"उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर त्या बाईंनी काय म्हणून करायचं?" सुव्रता म्हणाली. "आणि त्या खिळल्या तर तुम्ही करणार? तुम्हाला चहासुद्धा धड गाळता येत नाही. माहीत असलेलं बरं ना, अण्णा?"

"हं," मी म्हणालो. तिने तो होकार धरला आणि तपासणी केंद्रात माझं नाव घातलं.

तपासणीचा दिवस अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीचा मिळाला. चतुर्दशीला आमच्या जैनांत पुष्कळजण निर्जळी उपवास करतात. मी काही मोठा धर्मशील नाही, पण सुलोचना तो करायची आणि ती गेल्यापासून तिचा म्हणून मी करतो. केंद्राच्या सूचनापत्रात छापलं होतं, 'सकाळी नेहमीप्रमाणे नाष्टा करून यावे.' मी ते दोनदा वाचलं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. इथे आजवर कुठली तपासणी भरल्या पोटी झाली आहे? छापण्यात 'न करता'चं 'करून' झालं असणार असं मी ठरवलं आणि समासात पेन्सिलने खूणही केली. पारणं तपासणीनंतर करू म्हणून आदल्या दिवशीच्या निर्जळीवरच उन्हातून चालत गेलो.

"आजोबा, नाष्टा झालाय ना?" परिचारिकेने विचारलं.

"हं," मी म्हणालो.

आठवड्याने डॉक्टरांनी बोलावलं. डॉ. नाझनीन सतारमेकर. तिचे वडील, आजोबा, पणजोबा सगळे तंबोरे करणारे. शाळकरी वयात ती माझ्या ग्रंथालयात येऊन बसायची, कारण घरी भोपळे तासण्याच्या आवाजात अभ्यास होत नसे.

"या सर, बसा," ती म्हणाली. खुर्ची तिने माझ्या बाजूला ओढून घेतली, त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

पडद्यावर माझ्या पेशी होत्या. अंधारात हिरवे ठिपके. काही एकमेकांत मिसळत, काही फुटत.

"तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, तारेखाली दोरा असतो, बघितलाय ना? त्याला आम्ही जीव म्हणतो," नाझनीन म्हणाली. "तार तीच, पण दोरा केसभर सरकवला की आवाज उघडतो नाहीतर मिटतो. आरएनए म्हणजे तार समजा आणि प्रथिन म्हणजे दोरा. अब्बांचा दोरा सरकला तर पुन्हा सरकवता येतो. इथे…" तिने काही ठिपक्यांवर बोट ठेवलं. ते हलत नव्हते. "इथे तो तारेला चिकटून बसलाय."

"म्हणजे शब्द जाणार?"

"शक्यता बरीच आहे. तीन-चार वर्षांत सुरुवात. सर, हा अंदाज आहे."

"तू अंदाज नीट करतेस," मी म्हणालो. "तू पुस्तकंसुद्धा वेळेवर परत करायचीस."

ती हसली नाही.

आकडा सुव्रताला त्याच दिवशी कळला, तसा नियमच होता. सोबत येणारं कोणी नसेल तर जवळच्या नातलगाला कळवतात. तिच्याकडून सोसायटीत कसा पोचला कोण जाणे. मी आयुष्यभर बोलताना शब्द शोधत थांबत आलो आहे. आता थांबलो की समोरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. दुकानात मी "ते हे द्या…" म्हणालो की दुकानदार मोठ्या आवाजात, एकेक अक्षर तोडून विचारायचा, "आजोबा, साबण? सा-ब-ण?" मला साबण नको असायचा. पण इतक्या प्रेमाने विचारल्यावर मी घ्यायचो. घरात साबणांचा ढीग झाला.

"मी तुम्हाला पुण्याला नेते," सुव्रता फोनवर म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "आमच्याजवळ अशा आजाऱ्यांसाठी एक निवास आहे. आताच नाव घातलं तर जागा मिळते. आणि त्या बाईंना स्पष्ट लिहा, अण्णा. लटकवत ठेवू नका."

मी लिहिलं. यावेळी मायना अडला नाही. 'माझ्या प्रकृतीचा अहवाल पाहता आपल्या प्रस्तावाचा स्वीकार करणे आपल्यावर अन्यायाचे होईल.' वाक्य छान उतरलं. नकार लिहायला मला किती सोपं जातं, याची मलाच लाज वाटली. पाकीट घेऊन निघालो. गुरुवार होता आणि पाय सवयीने बाईंच्या घराकडे वळले.

शिष्या गेल्या होत्या. बाई तंबोरा मांडीवर घेऊन तार लावत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "या. आपली पत्रिका जुळत नाही म्हणे. माझी तर अजून काढलीच नाही."

"तुम्हाला कोणी…"

"तुमच्या मुलीचा फोन आला होता. चांगली आहे पोर. रडली बिचारी." त्यांनी खुंटी पिळली. "माझी पहिली पत्रिका छत्तीसपैकी बत्तीस गुणांनी जुळली होती. बत्तीस! आमच्या वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. तेहतिसावा गुण दारूचा निघाला, तो गुरुजींच्या पंचांगात नव्हता."

"हे पंचांग नाही, बाई. हे शास्त्र आहे. खरं आहे ते."

"मी कुठे खोटं म्हणते? तुमची नाझनीन माझ्याकडे चार वर्षं गाणं शिकली. ती खोटं बोलायची नाही. शास्त्र सांगतंय तुमच्या पेशीत काय होतंय. मी कोणाबरोबर राहावं, हे त्याला विचारलं कोणी?"

"एक दिवस मला तुमचं नाव आठवणार नाही."

आता त्यांनी तंबोरा खाली ठेवला. "तसंही तुम्ही माझं नाव कधी घेतलंय? इतकी वर्षं 'अहो' आणि 'बाई' यावर चाललंय. गमावणार काय तुम्ही?"

मला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही लपवायला जवळ पुस्तक नव्हतं.

"इकडे या," त्या म्हणाल्या. त्यांनी घोडीवरचा दोरा माझ्या बोटाखाली दिला. "सरकवा. हळू. कान द्या."

मी सरकवला. तार मेल्यासारखी वाजली. अजून सरकवला. काहीच कळेना. मग एका जागी आवाज असा पसरला की मी बोट काढून घेतलं. मलासुद्धा ते कळलं.

"ही जागा कुठे लिहिलेली नसते," त्या म्हणाल्या. "आणि उद्या ती इथे नसणार. हवा बदलते, लाकूड बदलतं. रोज शोधायची. उद्या चुकेल म्हणून आज लावायचाच नाही असं म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही." त्यांची नजर माझ्या खिशातल्या पाकिटाकडे गेली. "ते काय? नकार?"

मी खिशावर हात ठेवला.

"तुम्हाला मी नको असेन तर तसं लिहा. घेईन मी. दोन दिवस रडेन, मग शिकवण्या घेईन. पण त्या आकड्याचा नकार मी घेणार नाही, पद्माकरराव. त्याने मला पत्र लिहिलं नव्हतं आणि मीही त्याला लिहिलं नव्हतं. उत्तर तुमचं हवं."

पाकीट खिशातच घेऊन मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी नाझनीनचा फोन आला. ती पुन्हा माझ्या पेशी बघत बसली होती.

"सर, एक विचारू? रागावू नका. त्या दिवशी नाष्टा केला होता का? ज्या प्रथिनांनी थेंब धरलेत ना, त्यातली बरीच उपासमारीची दिसतात. भुकेल्या, तहानलेल्या पेशी असंच करतात."

मी पेन्सिलीच्या खुणेची हकीकत सांगितली. पलीकडे ती हसायलाच लागली, ग्रंथालयात ज्यावरून मी दटावायचो तसंच.

"या अल्ला! सर, तुम्ही आमचं मुद्रितशोधन केलंत? आणि सिस्टरने विचारलं तेव्हा?"

"मी 'हं' म्हणालो."

"बरं. आता असं आहे," ती सावरून म्हणाली. "निम्मं तरी उपवासाचं असावं. बाकीचं कशाचं, ते तुम्ही खाऊनपिऊन आल्यावर कळेल. पंधरा दिवसांनी परत करू. कदाचित एकदम स्वच्छ येईल. कदाचित नाही येणार. खोटी आशा देत नाही."

मी खुर्चीत बसलो. खरं सांगतो, छाती इतकी हलकी झाली की पंख्याने उडालो असतो. सुव्रताला कळवलं. तीही ओरडलीच आनंदाने.

"बघा! मी म्हणत नव्हते, काहीतरी चुकलंय? आता पंधरा दिवस थांबा. चांगला आला की बाईंना 'हो' लिहा. मी स्वतः पेढे घेऊन येते."

"आणि वाईट आला तर?"

"तर… तर मग बघू ना, अण्णा."

पेढे म्हटल्यावर बत्तीस गुणांचे पेढे माझ्या डोळ्यांसमोर आले. कालपर्यंत माझा नकार आकड्याचा होता. आता होकारही त्याचाच होणार होता. मी मध्ये कुठे होतो? मायना लिहून अडकलेला एक कागद, दोन पानांच्या मध्ये.

"सुव्रता," मी म्हणालो, "मी आकडा विचारायला जाणार नाही."

"म्हणजे?"

"उत्तर आज लिहिणार आहे."

"अण्णा, वेडेपणा करू नका! पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. घाबरताय का तुम्ही?"

"हो. खूप घाबरतोय. चांगला येईल म्हणून जास्त घाबरतोय. चांगला आला तर मी जन्मभर समजेन की त्याच्यामुळे गेलो."

"आणि उद्या खरंच काही झालं तर? त्यांनी काय करायचं?"

"ते त्यांना माहीत आहे. सगळं ऐकूनही उत्तर मागितलंय त्यांनी. तुझ्या आईचा आकडा आपल्याकडे नव्हता, सुव्रता. आपण तिचं आजारपण काढलंच ना? आकडा असता तर मी तिच्याशी लग्न केलं नसतं का?"

मला वाटतं, मी इतकं सलग बोलताना तिने कधी ऐकलंच नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाली, "त्या निवासात नाव घातलंय, त्याचं काय करू?"

"काढ. पैसे परत देत नसतील तर माझ्या वाटणीचे साबण पाठवतो त्यांना."

ती रडत रडत हसली. पटलं नव्हतं तिला. अजूनही पूर्ण पटलेलं नाही. पटावंच असा माझा आग्रहही नाही.

मग मी केंद्रात गेलो. जाण्याआधी पोटभर भडंग खाल्लं, वर दोन कप चहा. नाझनीनला म्हणालो, "पेशी हव्या तेवढ्या घे. आज घे, पंधरा दिवसांनी घे, दर वर्षी घे. थेंब का जमतात ते शोधून काढ, तुझ्या हातून औषध निघालं तर रांगेत पहिला मी असेन. फक्त आकडा मला सांगू नकोस. सुव्रतालाही नाही. विमावाल्यांना तर मुळीच नाही."

"सर, असा रकानाच नाही आमच्या अर्जात."

"मग एक काढ."

तिने स्वतःच्या हाताने अर्जाच्या तळाशी एक रेघ मारली आणि लिहिलं, 'अभ्यासासाठी देत आहे. निकाल कळवू नये.' मी खाली सही केली.

"या ओळीवरून वर भांडावं लागेल मला," ती म्हणाली.

"भांड. हवं तर मी येतो बरोबर."

"तुम्ही?" तिला विश्वास बसेना. "तिथे जाऊन काय म्हणाल?"

"ते तेव्हा बघू. 'हं' नक्की म्हणणार नाही."

घरी येऊन जुनं पाकीट फाडलं. नवा कागद घेतला. मायन्याच्या जागी नुसतं नाव लिहिलं. शब्द तिथेच होता, जिथे असायला हवा तिथे.

'वैजयंती,

पंधरा दिवसांनी कदाचित मला बरं उत्तर देता आलं असतं, म्हणून आजच देतो आहे. मी येतो. वरच्या खोलीला फळ्या लागतील, सुतार माझ्या ओळखीचा आहे. माझे शब्द राहतील की जातील ते मला माहीत नाही, आणि मी ते विचारायचं सोडलं आहे. जोवर आहेत तोवर तुझं नाव रोज एकदा तरी घेत जाईन. नंतर तू घ्यायला लाव. जागा सरकली तर दोरा हलव.

तुला एकेरीत लिहिलं आहे, त्याबद्दल क्षमा मागणार होतो. मागत नाही.

– पद्माकर'

तिचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. हातात नेऊन दिलं असतं तर पाच मिनिटं लागली नसती. पण तिने पोस्टाने मागितलं होतं. गावात आता एकच लाल पेटी उरली आहे, मोठ्या पोस्टाच्या दारात. तिथवर चालत गेलो. वाटेत तो दुकानदार ओरडला, "आजोबा, कुठे निघालात? रस्ता आठवतोय ना?"

"पत्र टाकायला," मी तेवढ्याच मोठ्याने ओरडून सांगितलं. "लग्न करतोय!"

त्याच्या हातातलं माप तसंच राहिलं.

पेटीच्या तोंडावर गंज होता, झडप हाताने ढकलावी लागली. पाकीट सोडलं. आत ते पडल्याचं ऐकू येईपर्यंत थांबलो. तेवढ्यात फोन वाजला. सुव्रता होती.

"टाकलंत?"

"हं," मी म्हणालो. आणि लगेच, तिला अर्थ लावायला न लावता, "हो. टाकलं."